सेवा आणि न्याय: ख्रिस्ती श्रद्धेचं सीमाभागातलं काम

जानेवारीच्या थंडीत संकेश्वर-निपाणी भागात ऊसतोड टोळ्यांच्या खोपटांवर ब्लँकेटं वाटणं ही सेवा. त्याच टोळीचा हिशेब कोऱ्या कागदावर अंगठा घेऊन उरकला जातो, तो प्रकार थांबवणं हा न्याय. दोन्ही कामं चांगली आहेत, पण ती वेगळी आहेत. पहिल्या कामाला गावात कोणाचा विरोध होत नाही. दुसऱ्याला सुरुवात झाली की फोन यायला लागतात.

सीमाभागातल्या बहुतेक मंडळ्या, मग त्या कॅथलिक असोत, मेथडिस्ट असोत वा अलीकडच्या स्वतंत्र प्रार्थनासभा, पहिल्या कामात तरबेज आहेत आणि दुसऱ्याला बिचकतात. "हे राजकारण झालं, आपलं काम आत्म्याचं" असं कारण दिलं जातं. ते पवित्र शास्त्राला धरून आहे का, हे आधी पाहू. मग प्रत्यक्ष काम कसं करायचं आणि कुठे फसतं, याकडे येऊ.

शास्त्रात काय आहे

जुन्या करारातले गरिबांविषयीचे नियम वाचताना एक गोष्ट चटकन लक्षात येत नाही: त्यातले बरेचसे नियम दान देण्याबद्दल नाहीतच. लेवीय १९:९-१० म्हणतं की शेताच्या कडेकोपऱ्यातलं पीक मालकाने कापू नये आणि पडलेली कणसं उचलू नयेत, ती गरिबासाठी आणि परक्यासाठी आहेत. सरवा वेचायला येणारी बाई मालकापुढे हात पसरत नाही. ती येते, आपल्या हाताने वेचते आणि जाते. मालकाने तिला काही दिलेलं नाही, कारण तो भाग त्याचा नव्हताच.

अनुवाद २४:१४-१५ तर थेट मजुरीवर बोलतं. मजूर आपला असो वा परका, त्याची मजुरी त्याच दिवशी, सूर्य मावळायच्या आत द्यायची, कारण तो गरीब आहे आणि त्याचा जीव त्या पैशावर आहे. लेवीय २५ मध्ये पन्नासाव्या वर्षी विकली गेलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जाते आणि कर्जापायी राबणारे मोकळे होतात. कर्ज पिढ्यान्‌पिढ्या वाढत जाऊ नये, यासाठी केलेली ती व्यवस्था आहे.

संदेष्टे याहून कडक आहेत. आमोसच्या पाचव्या अध्यायात देव लोकांचे सण, अर्पणं आणि गाणी नाकारतो आणि न्याय पाण्यासारखा वाहू द्या म्हणतो. नव्या करारात येशू नासरेथच्या सभास्थानात यशयाचा जो भाग वाचतो (लूक ४:१८-१९), त्यात गरिबांना सुवार्ता आणि दडपलेल्यांना सुटका एकाच वाक्यात येतात. याकोब ५:४ वाचून ऊसपट्ट्यातल्या कोणत्याही मंडळीने थांबावं असं आम्हाला मनापासून वाटतं. शेत कापणाऱ्यांची अडकवून ठेवलेली मजुरी ओरडते आहे आणि ती ओरड देवाच्या कानी गेली आहे, असं तिथे लिहिलं आहे. या वचनाचा फक्त आत्मिक अर्थ लावता येत नाही. तिथे शेत, कापणी आणि बुडवलेले पैसे यांचीच गोष्ट आहे.

अलीकडच्या काळात चर्चनेही हे स्पष्ट केलं आहे. १८९१ साली पोप लिओ तेरावे यांनी कामगारांना कुटुंब चालेल इतकं वेतन मिळालं पाहिजे आणि संघटना करायचा हक्क आहे, असं परिपत्रक काढलं. १९७१ च्या बिशपांच्या जागतिक सभेने न्यायासाठी झटणं हा सुवार्ताप्रसाराचाच अविभाज्य भाग मानला. प्रॉटेस्टंट सुवार्तिकांनी १९७४ मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझान इथे हेच मान्य केलं: सुवार्ता सांगणं आणि सामाजिक-राजकीय जबाबदारी उचलणं ही दोन्ही ख्रिस्ती माणसाची कर्तव्यं आहेत. ही दोन कामं एकमेकांच्या जागी चालत नाहीत, हेही तिथे सांगितलं आहे.

इथला वारसा

बेळगावात लंडन मिशनचं काम १८२० मध्ये सुरू झालं. पुढे ते मेथडिस्टांकडे गेलं. बेनन स्मिथ हायस्कूलच्या नावात तो काळ अजून आहे. सीमेपलीकडे मिरजेत डॉ. विल्यम वॉनलेस यांनी १८९४ मध्ये रुग्णालय उघडलं, आणि अथणी-रायबागकडचे लोक उपचारासाठी आजही मिरजेची वाट धरतात. शाळा आणि दवाखाना ही मिशनची दोन मोठी कामं. ज्याला शाळेच्या पायरीवरही उभं केलं जात नव्हतं, त्याला बाकावर बसवणं हा न्यायच होता. पण वेतन, जमीन आणि जात हे प्रश्न मिशनच्या कामात मागेच राहिले. जात तर चर्चमध्येही शिरली. भारतातल्या कॅथलिक बिशपांनी २०१६ मध्ये दलित सबलीकरणाचं धोरण जाहीर करताना चर्चच्या आत भेदभाव आहे हे लेखी मान्य केलं. बाहेरच्या अन्यायावर बोलणाऱ्या मंडळीने आधी आपल्या समितीत कोण आहे, दफनभूमीत कोणाला कुठे जागा मिळते आणि लग्नं कोणाची कोणाशी होतात, ते तपासावं.

आणखी एक गोष्ट मोकळेपणाने मानायला हवी. या भागातली न्यायाची कित्येक मोठी कामं चर्चने केलेली नाहीत. निपाणीच्या तंबाखू वखारींतल्या बायका आपल्या संघटनेच्या बळावर उभ्या राहिल्या. घटप्रभेला माजी देवदासींनी स्वतःची संस्था चालवली. अशा कामात मंडळीने मदतनीस म्हणून जावं, पुढारी म्हणून जाऊ नये.

मजुरीचं एक प्रकरण कसं हाताळायचं

ऊसतोडीत नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता. हंगामाआधी मुकादमाकडून, म्हणजे टोळी जमवणाऱ्या ठेकेदाराकडून, उचल (आगाऊ रक्कम) घ्यायची आणि तोडलेल्या टनांच्या मजुरीतून ती फेडायची. टोळ्या बीडकडून येतात, विजयपुराकडूनही येतात. उचल अंगावर 'फिरली', म्हणजे फिटायची राहिली, की पुढच्या हंगामालाही त्याच मुकादमाकडे यावं लागतं. कर्ज असं वर्षानुवर्षं चालतं.

समजा, एका जोडीने ८०,००० रुपये उचल घेतली, टनाला ४०० रुपये दर ठरला आणि चार महिन्यांत २६० टन ऊस तोडला. मजुरी झाली १,०४,०००. उचल वजा जाता जोडीच्या हाती २४,००० पडायला हवेत. मुकादम मात्र सांगतो की अजून १५,००० अंगावर आहेत. म्हणजे फरक ३९,००० चा. तो कुठे गेला हे शोधताना तीन ठिकाणी पाहावं लागतं. पहिलं म्हणजे वजन. टनामागे ४० किलो कमी धरले तर २६० टनांवर १०.४ टन जातात, म्हणजे ४,१६० रुपये. दुसरं म्हणजे खाडा, कामावर न आल्याची कपात. आजारपणाच्या २० दिवसांचे रोज १,००० प्रमाणे २०,००० कापले. तिसरं म्हणजे खर्ची. आठवड्याला बाजारासाठी दिलेले पैसे दोनदा लिहिले, त्यातले १४,८४०. बेरीज ३९,००० भरते. हिशेब असा तुकड्या-तुकड्याने मांडला की भांडण 'तू खोटा, मी खरा' यावर न राहता ठरावीक आकड्यांवर येतं.

यासाठी वही लागते, आणि ती हंगामाच्या पहिल्या दिवसापासून लागते. मार्चमध्ये जागं होऊन उपयोग नाही. पहिल्या पानावर उचलीची तारीख, रक्कम, रोख की खात्यावर, कोणासमोर, आणि खाडा किती ठरला ते लिहावं. पुढे रोज फड (ऊस तोडायचं शेत) कोणाचा, गाडीचा नंबर, काट्याच्या पावतीवरचं निव्वळ वजन आणि घेतलेली खर्ची. पावती बहुधा गाडीवाल्याकडे किंवा चिटबॉयकडे (कारखान्याच्या पावत्या सांभाळणाऱ्या माणसाकडे) राहते, म्हणून तिचा मोबाईलवर फोटो घ्यावा. टोळीत दहावीपर्यंत शिकलेलं एखादं पोर असतंच, वही त्याने लिहावी. संस्थेच्या कार्यकर्त्याने लिहिली तर तो आला नाही त्या दिवशी पान कोरं राहतं.

बोलणं खोपटावर, मुकादम नसताना, आणि बायकांशी वेगळं करावं. कोयता दोघांचा असला तरी उचल नवऱ्याच्या हाती जाते, आणि किती घेतली हे बायकोला बऱ्याचदा ठाऊक नसतं.

मग पायऱ्या चढत जायचं. आधी वही घेऊन मुकादमाशी बोलणं, टोळीतले चार-पाच जण सोबत घेऊन. निम्मी प्रकरणं इथे सुटावीत असा प्रयत्न करावा, कारण मजुराला पुढच्या वर्षीही काम हवं असतं. नाही सुटलं तर कारखान्याच्या शेती विभागाला लेखी अर्ज, पोच घेऊन. त्यानंतर कामगार खातं. अर्ज कन्नडमध्ये दिला तर टेबलावरून लवकर हलतो, पण मराठी मजुराला आपण कशावर अंगठा देतोय हे कळलं पाहिजे, म्हणून मराठी प्रत सोबत जोडावी आणि सही करण्याआधी ती मोठ्याने वाचून दाखवावी. अर्ज मराठीतच द्यायचा असेल तर राज्यघटनेचं कलम ३५० तो हक्क देतं: गाऱ्हाणं देशात किंवा राज्यात वापरात असलेल्या कोणत्याही भाषेत मांडता येतं.

मजुराला अडवून ठेवलं असेल, म्हणजे गावी जाऊ देत नाहीत, मूल ठेवून घेतलं, मारहाण वा धमकी आहे, तर मामला मजुरीपुरता राहत नाही. १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्याखाली तो येतो. उचल असली तरी काही बिघडत नाही, कारण या कायद्यात ते कर्जच संपुष्टात येतं, आणि ते वेठबिगारीचं कर्ज नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सावकारावर असते. किमान वेतनापेक्षा कमी पैशात राबवून घेणं हे सक्तीचं काम आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये म्हटलं आहे. अर्ज जिल्हाधिकारी किंवा असिस्टंट कमिशनरकडे, म्हणजे उपविभागाच्या अधिकाऱ्याकडे, जातो. बेळगाव जिल्ह्यात बेळगाव, बैलहोंगल आणि चिकोडी असे तीन उपविभाग आहेत. फड ज्या उपविभागात, तिथेच जायचं.

इथली सगळ्यात मोठी चूक म्हणजे घाई. कार्यकर्ते दयेपोटी टोळीला त्याच रात्री गाडीत बसवून गावी पाठवतात. जबाब राहून जातो आणि वेठबिगारीतून सुटल्याचं मुक्तता प्रमाणपत्र मिळत नाही. प्रमाणपत्र नाही तर पुनर्वसन नाही: तातडीची ३०,००० पर्यंतची मदत नाही, पुरुषाचे १ लाख, बाई किंवा मुलाचे २ लाख आणि अत्यंत गंभीर प्रकरणातले ३ लाख, यातलं काहीच मिळत नाही. प्रत्येक माणसाचं वेगळं प्रमाणपत्र हातात पडेपर्यंत थांबावं, तोवर जेवणाची आणि निवाऱ्याची सोय मंडळीने करावी. चर्चचा हॉल यासाठी वापरला तर त्याहून चांगला वापर नाही. पुनर्वसन मूळ जिल्ह्यात होतं, म्हणून कागदांचा एक संच तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनाही पाठवावा. नाहीतर बीड आणि बेळगाव यांच्यात फाइल हरवते.

वकिलाचा खर्च परवडत नाही ही अडचण दिसते तेवढी मोठी नाही. बाई, मूल, अनुसूचित जाती-जमातीचा माणूस आणि वेठबिगारीचा बळी यांना उत्पन्न न पाहता मोफत विधी सेवा मिळते. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० वर फोन लावावा.

दलित ख्रिस्ती आणि जातीचा दाखला

हा प्रश्न चर्चच्या दारातलाच आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा फक्त हिंदूंना होता. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुसलमान अजून बाहेर आहेत. बाप्तिस्म्याने गावातली वागणूक बदलत नाही, घर त्याच गल्लीत राहतं, पण दाखला बदलतो. अनुसूचित जमातीला मात्र धर्माची अट नाही. सिद्दी समाजात हिंदू, मुसलमान, ख्रिस्ती असे तिन्ही आहेत, आणि बेळगाव जिल्ह्यातल्या सिद्दींचा २०२० मध्ये जमातीच्या यादीत समावेश झाल्यावर ख्रिस्ती सिद्दीही त्यात आले. एकाच जिल्ह्यात, एकाच बाकावर प्रार्थनेला बसलेल्या दोन कुटुंबांना कायदा वेगवेगळा लागतो.

कर्नाटकात अनुसूचित जातीतून ख्रिस्ती झालेले लोक मागासवर्गाच्या प्रवर्ग १ मध्ये येतात, तर इतर ख्रिस्ती ३-ब मध्ये. हा फरक कित्येक पाळकांनाही माहीत नसतो, आणि मुलांना नुसतं 'ख्रिश्चन' म्हणून ३-ब चा दाखला काढून दिला जातो. प्रवर्ग १ चा दाखला नाडकचेरीत (कर्नाटकातल्या महसूल खात्याच्या स्थानिक कार्यालयात) नमुना ई मध्ये मिळतो, ३-ब चा नमुना एफ मध्ये. सोबत वडिलांचा शाळा सोडल्याचा दाखला, रेशन कार्ड आणि आधार द्यावं. मूळ जात दाखवणारा जुना कागद जितका जुना तितका चांगला. तलाठी आणि रेव्हेन्यू इन्स्पेक्टर चौकशी करतात. अर्ज फेटाळला तर ३० दिवसांत असिस्टंट कमिशनरकडे अपील करता येतं, म्हणून नकार तोंडी ऐकून परत येऊ नये, लेखी घ्यावा.

अडतं बहुधा नावांवर. शाळेत संतोष, बाप्तिस्म्याच्या वहीत स्टीफन, आधारवर तिसरंच काही. पोर पहिलीत जायच्या आधी हे एकसारखं करून घेतलं तर पुढची दहा वर्षं सोपी जातात. सीमाभागात आणखी एक गुंता आहे. कागल-गडहिंग्लजहून निपाणीत लग्न होऊन आलेल्या सुनेचा दाखला तिच्या वडिलांच्या राज्यातला, आणि त्याचा लाभही त्याच राज्यात. कर्नाटकात नोकरीसाठी तो चालत नाही. तिच्या मुलांचा दाखला मात्र नवऱ्याकडून कर्नाटकातला निघतो.

याबाबतीत आमचं मत ठाम आहे. बाप्तिस्म्याआधी पाळकाने त्या कुटुंबाला समोर बसवून काय सुटणार ते स्पष्ट सांगावं: अनुसूचित जातीची शिष्यवृत्ती, राखीव जागा, राखीव मतदारसंघातली उमेदवारी. हे लपवून बाप्तिस्मा देणं म्हणजे त्या कुटुंबाची फसवणूक आहे. आणि कागदावर जुना धर्म ठेवून जगणाऱ्या माणसाला चर्चची वही दाखवून धाक घालणं, हे त्याहून वाईट.

मदतीला अट नको

पंडिता रमाबाईंनी १८८९ मध्ये मुंबईत विधवा आणि मुलींसाठी शारदा सदन काढलं आणि पुढच्या वर्षी ते पुण्यात नेलं. त्यांच्या प्रार्थनेला मुली स्वतःहून येऊन बसू लागल्या, आणि १८९३ मध्ये रानडे, भांडारकर यांच्यासारखे सल्लागार बाहेर पडले. पालकांनी मुली काढून नेल्या. रमाबाईंचं म्हणणं होतं की सक्ती कोणावर नाही, पण माझं दारही बंद राहणार नाही. दोन्ही बाजूंना आपापलं कारण होतं. आजही गावात प्रश्न हाच विचारला जातो.

कायद्याची बाजूही जाणून असावी. कर्नाटक विधानसभेने डिसेंबर २०२१ मध्ये बेळगावच्याच अधिवेशनात धर्मांतरावरचं विधेयक मंजूर केलं आणि २०२२ मध्ये कायदा झाला. त्यात आमिषाच्या व्याख्येत धार्मिक संस्थेच्या शाळेतलं मोफत शिक्षणही घातलं होतं. जून २०२३ मध्ये मंत्रिमंडळाने तो रद्द करायचं ठरवलं. कायदा असो वा नसो, कामाची शिस्त तीच असावी. दाखल्याचं काम, मजुरीचं प्रकरण किंवा शिकवणी चालते त्या वेळी आणि त्या टेबलावर प्रार्थना, पत्रकं, बाप्तिस्म्याचा विषय नको. लाभार्थ्यांच्या यादीत धर्माचा रकाना ठेवू नये, दाखल्याच्या कामात लागतो तेवढा सोडून. कोणी विचारलंच की तुम्ही हे का करता, तर आपल्या श्रद्धेमुळे करतो हे सरळ सांगावं. ते लपवण्यासारखं नाही.

पैसा

न्यायाच्या कामाला पैसा मिळणं कठीण का, याचं एक कारण नियमांतच आहे. परदेशी देणगीच्या कायद्यात २०२० मध्ये बदल झाला: प्रशासकीय खर्चाची मर्यादा ५० टक्क्यांवरून २० टक्क्यांवर आली, पैसा आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतच यायला हवा, आणि एका संस्थेला तो दुसरीकडे वळवता येत नाही. वकिलाची आणि व्यावसायिक सल्ल्याची फी, कार्यालयाचं भाडं, हिशेबनीस हे सगळं प्रशासकीय खर्चात मोडतं. ब्लँकेटांचा खर्च थेट कार्यक्रमात जातो. त्यामुळे ब्लँकेटांचा प्रकल्प कागदावर देखणा दिसतो आणि मजुरीच्या खटल्यांचा प्रकल्प मर्यादेत बसत नाही. या कायद्याखाली नोंदणी नसलेल्या पाळकाच्या वैयक्तिक खात्यावर परदेशातून कामासाठी पैसे मागवणं हा तर सरळ गुन्हा आहे, आणि त्याने सगळ्या मंडळीचं काम बदनाम होतं.

म्हणून असं काम स्थानिक पैशावर उभं करावं. त्याला फार लागत नाही: झेरॉक्स, एसटीचं भाडं, वह्या, आणि कन्नड-मराठी दोन्ही लिहिता येणारा एक अर्धवेळ माणूस. मंडळीच्या दशमांशातून (सभासद उत्पन्नाचा दहावा भाग देतात त्यातून) दर महिन्याला ठरावीक वाटा यासाठी बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब उपासनेनंतर सर्वांसमोर वाचावा. मजुराच्या भरपाईतून 'अर्पण' म्हणून काहीही घेऊ नये. ही चूक एकदा झाली की गावात पाळक आणि दलाल यांच्यात फरक उरत नाही.

कामाला सुरुवात करायची तर ऑक्टोबरात, टोळ्या येण्याआधी करावी. फडांच्या जागा, मुकादमांची नावं, कारखान्याचा शेती विभाग आणि असिस्टंट कमिशनरचं कार्यालय यांची यादी तयार ठेवावी. टोळी उतरली की पहिल्या आठवड्यात वह्या द्याव्यात. महिन्याच्या शेवटी प्रत्येक वहीचे फोटो मंडळीकडे जमा करावेत आणि मूळ वही टोळीकडेच ठेवावी, कारण हिशेबाच्या दिवशी मुकादमासमोर ती उघडायची आहे टोळीनेच.